हा पूर अस्मानी की सुलतानी?

मागच्या व्याख्यानात आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. हवामानबदलासमोर धर्म काय करतो आहे, हे ओळखायचं कशावरून? जाहीरनाम्यांवरून म्हणाल तर त्यांची वानवा नाही. एकट्या २०१५ साली जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं, ऑगस्टमध्ये इस्तंबूलहून इस्लामी जाहीरनामा आला, वर्ष संपायच्या आत हिंदू आणि बौद्ध निवेदनंही आली. डिसेंबरात पॅरिसची परिषद होती, तिची ती तयारी. मजकूर चांगला आहे, जरूर वाचा. पण जाहीरनाम्यात धर्म जगाशी बोलत असतो. तो स्वतःशी काय बोलतो, हे ऐकायचं असेल तर लहानशा जागी जावं लागतं. म्हणून आज आपण तुवालूला जाऊ.

ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर, नऊ प्रवाळबेटांचा हा देश. सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास, आणि जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दोन मीटर. (इथे उंच जागी जायचं म्हणजे नारळाच्या झाडावरच चढायचं!) दहातले नऊ जण एकाच चर्चचे, त्याचं नाव एकालेसिया केलिसियानो तुवालू. हा धर्म तिथे आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. १८६१ साली एलेकाना नावाचा मनिहिकी बेटावरचा एक चर्चसेवक वादळात सापडला, होडीतून कित्येक आठवडे भरकटला आणि नुकुलाएलाए बेटाला लागला. त्याच्यापासून सुरुवात. म्हणजे धर्म समुद्रानेच आणून टाकला. आज देशाचं ब्रीदवाक्यच ‘तुवालू देवासाठी’ अशा अर्थाचं आहे.

आता हाच समुद्र गेल्या तीस वर्षांत तिथे सुमारे १५ सेंटिमीटरने वर आला आहे. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते किनाऱ्यावरून आत घुसणारं पाणी. पण प्रवाळाची जमीन चाळणीसारखी असते. मोठ्या उधाणाला पाणी खालून, घराच्या अंगणातून वर येतं. पुलाका हा तिथला मुख्य कंद, आपल्या अळूच्या कुळातला. तो खोल खड्ड्यांत लावतात, कारण पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि मुळं तिथवर पोचावी लागतात. त्या थरात खारं पाणी शिरलं की पुलाका कुजतो. हवाई छायाचित्रांच्या अभ्यासात देशाच्या जमिनीचं एकूण क्षेत्रफळ थोडं वाढलेलं दिसलं आहे, आणि काहीजण त्यावर खूश होतात. पण खड्ड्यात मीठ उतरलं तर वाढलेल्या वाळूवर लावणार काय?

असं असताना फुनाफुती या राजधानीत लोकांशी बोलायला गेलेल्या अभ्यासकांना एक उत्तर पुन्हा पुन्हा मिळालं. आम्ही बुडणार नाही, देवाने शब्द दिला आहे. कुठला शब्द? उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातला. महापूर ओसरल्यावर देव नोहाशी करार करतो की पुन्हा पुराने पृथ्वीचा नाश करणार नाही, आणि त्याची खूण म्हणून ढगांत धनुष्य ठेवतो.

हे ऐकून हसू येणं सोपं आहे. आम्हा तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण युक्तिवाद बिनचूक आहे. देव शब्द मोडत नाही. त्याने पूर न आणण्याचा शब्द दिला आहे. म्हणून पूर येणार नाही. बाहेरून आलेला शास्त्रज्ञ आलेख दाखवतो तेव्हा तो नकळत या माणसांना सांगत असतो की तुमचा देव खोटं बोलला. कोण ऐकेल? शिवाय त्या उत्तरात मानीपणाही आहे. जग ज्यांना आताच ‘हवामान निर्वासित’ म्हणून मोकळं झालं, ती माणसं म्हणतात, आम्ही इथलेच आहोत.

ही गाठ बाहेरून सुटणारी नव्हती. सोडवू लागले ते पॅसिफिकमधलेच पाळक आणि धर्मचिंतक. मार्च २००४ मध्ये शेजारच्या किरिबातीत, जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने, पॅसिफिकमधल्या चर्चची बैठक झाली. तिथून ‘ओटिन ताई’ जाहीरनामा निघाला. त्यात हे संकट माणसाने ओढवलेलं आहे असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि औद्योगिक देशांतल्या चर्चना नाव घेऊन हाक घातली आहे, कारण प्रदूषणाचा मोठा वाटा त्यांच्या समाजांचा.

मग नोहाच्या कराराचं काय? तो मोडीत काढायची गरजच पडत नाही. देवाने सांगितलं ते देव काय करणार नाही याबद्दल. माणूस काय करील, याची हमी त्याने कुठे घेतली? मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत. पाऊस न पडणं ही अस्मानी, आणि साऱ्याच्या वसुलीचा जुलूम ही सुलतानी. तुवालूच्या चर्चमध्ये वाद झाला तो एवढाच, की हे पाणी यातलं कुठलं.

कोणी म्हणेल, ही सोयीची पळवाट झाली. आपल्याला तसं वाटत नाही. पळवाट माणसाचं ओझं कमी करते. या वाचनाने ते वाढतं. श्रद्धा तशीच राहते, पण निवांत बसून राहण्याची मुभा जाते. आणि नोहाला तरी देवाने नुसता धीर कुठे दिला होता? तारू बांधायला लावलं होतं.

मात्र इथे एक धोका आहे, आणि तो आपल्याला जास्त गंभीर वाटतो. ‘माणसाने केलं’ म्हटलं की व्यासपीठावरून पुढचा शब्द सहज येतो : पश्चात्ताप करा. कोणी करायचा? जगातल्या कार्बन उत्सर्जनात तुवालूचा वाटा जवळजवळ शून्य आहे. अंगणात खारं पाणी साचलेल्या बाईला तिच्याच पापाचा हिशेब विचारायचा, हे ईयोबाच्या मित्रांनी केलं होतं. आणि त्या ग्रंथात देव त्या मित्रांवरच रागावतो. ‘माणूस’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात खाणमालक आणि पुलाका लावणारी बाई एकाच रांगेत उभी राहतात. म्हणून सुलतानी म्हणून थांबता येत नाही, सुलतान कोण हेही सांगावं लागतं. ‘ओटिन ताई’ने ते सांगितलं, हे त्याचं मोठेपण.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे कायम राहता येईल. कराराचं नाव ‘फालेपिली’, म्हणजे शेजारधर्म. शेजारच्या घराला आपलं समजून जपणं. हा शेजारी कोळशाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे, हेही नोंदवून ठेवू. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं दिली. यावरून विश्वास डळमळला असं अनुमान काढायची घाई नको. नोकरी, मुलांचं शिक्षण, दवाखाना अशी साधी कारणंही असतात, आणि परत येण्याची वाट बंद केलेली नाही.

पण तुवालूत घरच्यांच्या कबरी घराला लागूनच असतात. नाव निघालेल्या कुटुंबाने पाळकाला विचारलं की यांच्याजवळ कोणी राहायचं, तर त्याला उत्तीर्ण करील असं वचन नोहाच्या गोष्टीत सापडत नाही. तिथे कुटुंब अख्खं तारवात चढलं होतं. इथे थांबू, प्रश्न घेऊया.