नजर वर जात नाही तेव्हा...

मेंदूत गाठ म्हटले की झटके येणे किंवा हातपाय लुळे पडणे, एवढेच लोकांना ठाऊक असते. परंतु लक्षणे गाठीच्या आकाराइतकीच तिच्या जागेवरही अवलंबून असतात. आज अशाच आडजागेच्या एका गाठीविषयी पाहू.

मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याएवढी पिनियल ग्रंथी असते. झोपेच्या वेळा सांभाळणारे मेलाटोनिन ती तयार करते. मोठ्या माणसांच्या मेंदूतील शंभर गाठींत या भागातली जेमतेम एखादी असते. मुलांत प्रमाण थोडे अधिक. येथील जर्मिनोमा नावाची गाठ प्रामुख्याने दहा ते वीस वर्षांच्या मुलग्यांत आढळते.

मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते. त्याची अरुंद वाट या ग्रंथीलगतच आहे. गाठीने ती दबली की पाणी तुंबते व डोक्यातील दाब वाढतो. मग सकाळी उठताच डोके दुखते, उलटी होते आणि नंतर जरा बरे वाटते. घरचे म्हणतात, पित्त झाले! काही जण चष्मा बदलून पाहतात.

येथे डोळे बरेच काही सांगतात. नजर वर नेणारे केंद्र याच जागी असते. ते दबले की रुग्णाला वर पाहता येत नाही, कधी एकाची दोन दिसतात. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ पारिनो यांचे नाव या लक्षणाला दिले आहे. मी रुग्णाला डोके न हलवता माझ्या वर जाणाऱ्या बोटाकडे पाहावयास सांगतो. यास अर्धा मिनिटही लागत नाही. पंख्याकडे पाहताना मूल दर वेळी हनुवटी उचलत असेल, तर पालकांनीही लक्ष द्यावे.

शंका आल्यास डोळ्याचा पडदा तपासून एमआरआय करावा. दाब वाढलेला असताना पाठीतून पाणी काढणे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी स्कॅन, मग पाणी. शिवाय स्कॅनमधील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आपल्याकडे क्षयाची गाठही तशीच दिसते. रक्त व पाण्यातील विशिष्ट तपासण्या आणि बहुधा गाठीचा तुकडा तपासल्यावरच नाव ठरते. दुर्बिणीच्या एकाच शस्त्रक्रियेत पाण्याला नवी वाट करून तुकडाही घेता येतो. जर्मिनोमा किरणोपचाराने विरघळते. योग्य उपचार मिळाल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

सकाळची डोकेदुखी व उलट्या दोन आठवडे टिकल्या, किंवा नजर वर जाईना, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. खुलताबादहून घाटी रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे. रुग्णास गुंगी येऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी, त्याच घटकेला निघावे.