तांब्यातलं पाणी

झांबियाची संसद ज्या इमारतीत भरते, तिला बाहेरून तांब्याचे पत्रे मढवले आहेत. राष्ट्रध्वजावर केशरी पट्टा आहे, तोही खनिज संपत्तीचा. तांबे उत्पादनात आफ्रिकेत काँगोनंतर याच देशाचा नंबर. वर्षाला आठ-नऊ लाख टनांच्या घरातलं उत्पादन 30 लाख टनांवर न्यायचं, असं सरकारने ठरवलंय. विजेच्या मोटारींना तांबं भरपूर लागतं, त्यामुळे पैसाही येतोय. 2024 मध्ये अबू धाबीच्या एका कंपनीने 1.1 अब्ज डॉलर ओतून मोपानी खाणींचा 51 टक्के हिस्सा घेतला.

जमिनीत तांबं आहे, याबद्दल वाद नाही. सगळं अडतं ते पाण्यापाशी.

काँगोच्या सीमेलगतची कोंकोला खाण घ्या. जगातल्या बऱ्याच खाणी एक टक्क्याहून कमी तांब्याच्या दगडावर चालतात. इथला दगड त्याहून कितीतरी सरस. पण जगातल्या सर्वांत ओल्या खाणींतही हिचं नाव आहे. रोज साधारण 30 कोटी लिटर पाणी उपसावं लागतं. आपल्या हिशेबात सांगायचं, तर दहा हजार लिटरचे 30 हजार टँकर! पंप बंद पडले की खाण बुडायला लागते. पंपांना वीज हवी, आणि झांबियाची बहुतेक वीज धरणांवर होते. 2024 च्या दुष्काळात करिबा धरणातला वीजनिर्मितीला वापरता येणारा साठा जवळपास संपला, घराघरांत तासन्‌तास अंधार पडला आणि खाणींना बाहेरून महाग वीज आणावी लागली. जमिनीखाली पाणी आवरत नाही आणि धरणात पाणी नाही, अशी ही गंमत.

कोंकोलाची मालकी 'वेदांत' या उद्योगसमूहाकडे आहे. याच समूहातल्या 'स्टरलाइट'चा तांबे प्रकल्प 1990 च्या दशकात रत्नागिरीकरांनी परतवून लावला होता. कोंकोलाचा 51 टक्के हिस्सा 2004 मध्ये अवघ्या अडीच कोटी डॉलरांत 'वेदांत'च्या पदरात पडला. किती स्वस्तात मिळाला, हे समूहाचे प्रमुख अनिल अग्रवाल यांनी बंगळुरूच्या एका भाषणात रंगवून सांगितलं. 2014 मध्ये ती चित्रफीत झांबियात पोहोचली आणि संताप उसळला. 2019 मध्ये सरकारने खाणीवर अवसायक नेमला. 'वेदांत'ला ताबा परत मिळायला 2024 उजाडलं. दरम्यान, चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांनी, याच कंपनीच्या खाणीमुळे पाणी दूषित झाल्याचा आरोप करत, 'वेदांत'वर थेट लंडनमध्ये दावा लावला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला परवानगी दिल्यावर 2021 मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली.

पाणी दूषित होणं मात्र थांबलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये झांबियातच चांबिशी इथे एका चिनी कंपनीच्या खाणगाळाचा बंधारा फुटला. आम्लयुक्त पाणी काफुए नदीत गेलं, मासे मेले, सुमारे सात लाख वस्तीच्या किटवे शहराचे नळ बंद झाले. आम्ल मारायला हवाई दलाने विमानांतून नदीत चुना टाकला. हीच काफुए पुढे राजधानी लुसाकाला पाणी पुरवते, आणि त्याहून खाली, काफुए गॉर्जच्या धरणावर, खाणींना लागणारी वीजही तयार करते.