सीएसएन: पोलादाचं नाव, खाणीची ताकद

लाभांशासाठी परदेशी शेअर बघताय? मग ब्राझीलची सीएसएन जरूर अभ्यासा. १९४१ साली सरकारने स्थापलेली ही पोलाद कंपनी १९९३ मध्ये खासगी झाली. पण मला तिची खरी ताकद खाणीत दिसते. मिनास जेराइस राज्यातल्या कासा दे पेद्रा खाणीतलं लोहखनिज रेल्वेने इतागुआई बंदरात जातं आणि तिथलं टर्मिनलही समूहच चालवतो! शिवाय सिमेंट आणि वीज आहेच. ब्राझीलच्या कायद्यामुळे नफ्यातला किमान वाटा, बहुतेक कंपन्यांत २५ टक्के, भागधारकांना द्यावा लागतो. मात्र लोहखनिजाचा भाव पडला की नफा आटतो, त्यात डोक्यावर कर्ज मोठं. एखाद्या वर्षाच्या घसघशीत लाभांशावर भुलू नका. फक्त खाण हवी असेल, तर सीएसएन मिनेरासाओ २०२१ पासून स्वतंत्रपणे सूचिबद्ध आहे.