देवडीवरचा निरोप
(नभोवाणीवरील भाषण)

जुनी इंदूर भागातून ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांनी जमीनदारांचा बडा रावला बाहेरून तरी पाहिलाच असेल. पूर्वीच्या मोठ्या वाड्यांत शिरावयाचे म्हणजे आधी दरवाजा आणि मग देवडी लागे. परका मनुष्य थेट जामदारखान्यात जाऊ शकत नसे. तो देवडीवर आपले काम सांगे, तेथून निरोप कारभाऱ्याकडे जाई आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. आजचा माझा विषय अगदी नव्या काळातला असला, तरी त्याचे मर्म या देवडीत आहे. संगणकावर एकाच प्रोग्रामच्या दोन-चार खिडक्या उघडलेल्या असतात. त्या एकमेकींना माहिती कशी देतात, हा तो विषय होय.

संकेतस्थळांसाठी जी जावास्क्रिप्ट भाषा वापरतात, तिच्यातच मेजावरील संगणकाचे प्रोग्राम लिहिता यावेत, म्हणून गिटहब या अमेरिकन कंपनीत २०१३ साली एक साधन तयार होऊ लागले. २०१५ पासून ते ‘इलेक्ट्रॉन’ या नावाने ओळखले जाते.

आता सियागंजातील एखादा किराण्याचा व्यापारी डोळ्यांपुढे आणा. मुनीम एका खिडकीत बिल करीत आहे. मालक दुसऱ्या खिडकीत मालाची शिल्लक पाहत आहेत. बिलात साखरेची दोन पोती लागली की शिल्लक दोनने उतरली पाहिजे. खिडक्या शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून हे सोपे वाटते. वस्तुतः त्यांच्यामध्ये भिंत असते. सामान्यतः प्रत्येक खिडकी ही एक वेगळी प्रक्रिया असून तिची स्मृती तिच्यापुरतीच असते. २००८ साली निघालेल्या क्रोम ब्राउझरची रचनाही अशीच होती. एक खोली ढासळली तरी सारा वाडा बसू नये, हा त्यातला हेतू.

मग निरोप जावा कसा? या सर्व खिडक्यांच्या वर एक मुख्य प्रक्रिया असते. ती वाड्यातला कारभारी समजा. खिडक्या उघडणे, फायली लिहिणे ही कामे तिची. बिलाची खिडकी तिला निरोप धाडते; ती वहीत नोंद करते आणि शिल्लकेच्या खिडकीला नवा आकडा कळविते. निरोपाचे मुख्य प्रकार दोन. ‘सेंड’ म्हणजे पेटीत टाकलेले साधे कार्ड. ‘इन्व्होक’ म्हणजे जबाबी कार्ड. नोंद खरोखर झाली की नाही हे मुनिमाला कळणे अगत्याचे असल्याने, बिलासाठी दुसराच प्रकार योग्य. उत्तर येईपर्यंत खिडकी अडून राहत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. निरोपाबरोबर मूळ वस्तू जात नाही, तिची नक्कल जाते. अंक, अक्षरे, तारखा, याद्या यांची नक्कल होते. परंतु जावास्क्रिप्टमधील एखादे कार्य, म्हणजे फंक्शन, पाठवू म्हटल्यास निरोपच नाकारला जातो. शिवाय प्रत्येक खिडकी आपल्याजवळची नक्कल खरी मानू लागली, तर एकाच दुकानात दोन शिलका होतील. म्हणून खरी वही एकच असावी, आणि ती कारभाऱ्याजवळ असावी.

राहिली देवडी. इलेक्ट्रॉनमध्ये ‘प्रीलोड’ नावाची छोटी लिपी हे काम करते. आरंभीच्या काळात पुष्कळ प्रोग्रामांत खिडकीलाच संगणकावरील सर्व अधिकार दिलेले असत. त्यातला धोका असा की, बाहेरून आलेला खोडसाळ मजकूर खिडकीत आज्ञा म्हणून चालला, तर त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या येतात. ही भीती काल्पनिक नव्हे. मे २०१८ मध्ये ‘सिग्नल’ या संदेशवाहकाच्या मेजावरील आवृत्तीत, समोरच्याने पाठविलेला एचटीएमएल मजकूर नुसता न दिसता खिडकीत अमलात येतो, असा दोष सापडला. तो तातडीने दुरुस्त करण्यात आला. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून इलेक्ट्रॉनने प्रीलोडचे आवार आणि पानाचे आवार ही मुळातच वेगळी ठेवली.

तथापि, देवडी बांधली आणि दरवाजा सताड उघडा टाकला, तर उपयोग काय? निरोप धाडण्याचे सारे यंत्र खिडकीच्या स्वाधीन करू नये. ‘बिल नोंदव’, ‘शिल्लक सांग’ अशी मोजकी, नावनिशीवार कामेच तिला द्यावीत. ‘सांगेन ती फाईल वाच’ असे मोकळे काम कदापि देऊ नये. आणि आत आलेला प्रत्येक निरोप कारभाऱ्याने तपासावा: तो कोणत्या खिडकीचा, पोत्यांची संख्या हा खरोखर अंक आहे की नाही, तो शिल्लकेहून अधिक तर नाही.

आपल्या दुकानासाठी असा प्रोग्राम करवून घेणाऱ्याने स्वतः जावास्क्रिप्ट शिकावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु करून देणाऱ्याला त्याने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. खरी वही कोठे आहे? आणि देवडीवरून आत काय काय जाऊ शकते? गिऱ्हाइकांची उधारीची खाती ज्या संगणकात आहेत, त्याच्या मालकाला ही उत्तरे ठाऊक असलीच पाहिजेत.