काडतुसाचे तोंड तापवतात, मग बूड का नाही?

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरतात. तिच्यात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते.

तोंडाला चीर का पडते?
गोळी झाडताना पुंगळीचे तोंड फुगते. पुन्हा भरण्यापूर्वी ते साच्यात दाबून आवळले जाते. असे वारंवार झाले की पितळ कडक होते आणि चिरते.

उपाय काय?
तोंड काही सेकंद तापवले की पितळ पुन्हा मऊ होते. यासाठी यंत्रे मिळतात. पण काही जण घरीच गॅस टॉर्च किंवा मेणबत्तीवर भागवतात.

धोका कुठे?
बुडाला स्फोटाचा दाब सोसायचा असतो, म्हणून ते कडकच हवे. आच खाली उतरून बूड मऊ पडले, तर पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. पोलादासारखे पितळ तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. त्यामुळे बूड तापलेली पुंगळी टाकूनच द्यावी लागते.

भारतात काय?
परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.