सेवा करणाऱ्यांच्या मनाची निगा

स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्यावे अशी विश्वस्त मंडळींनी आज्ञा केली, तेव्हा शिक्षणावर लिहावे असा आमचा पहिला विचार होता. शिक्षकाने शिक्षणावर लिहिणे हेच रीतीला धरून. परंतु ज्या गोष्टीविषयी आपल्या देडतलाईत कोणी उघड बोलत नाही, आणि जी आमच्या स्वतःच्या घरात गेली अठरा वर्षे आहे, तिच्याविषयीच लिहावे असे शेवटी ठरविले. मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाची घरी राहून सेवा करणाऱ्यांवर जो ताण पडतो तो, आणि तो ताण हलका करण्याचा एक साधा, बिनखर्चाचा अभ्यास, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या थोरल्या भाईजानना स्किझोफ्रेनिया आहे. पुस्तकी मराठीत यास छिन्नमनस्कता म्हणतात. हे नाव १९०८ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिले. जगात सुमारे तीनशे ते साडेतीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, आणि तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, जवळच्या माणसांचाच संशय येतो, आणि हळूहळू बोलणे, नटणे, कामधंदा यांतून मन उठते. एका माणसात दोन माणसे नांदतात ही लोकांची समजूत चुकीची आहे. ही करणी नव्हे, पापाचे फळ नव्हे, आईबापांच्या वळणाचा दोषही नव्हे. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला. त्यानंतर अनेक औषधे निघाली, आणि आज नियमित औषधाने पुष्कळ रोगी घरी राहून बऱ्यापैकी आयुष्य जगतात.

घरी राहतात, म्हणजे कोणाजवळ तरी राहतात. आमच्याकडे पहिली दहा वर्षे ते सर्व अम्मींनी केले. भाईजानना भाकरीत काही घातले असल्याचा संशय येई, म्हणून अम्मी आधी स्वतः घास खाऊन दाखवीत. रात्री ते उठून अंगणात फेऱ्या घालीत, म्हणून अम्मी दाराशी बाज टाकून निजत. लग्नकार्याला जाणे त्यांनी सोडले. कोणी विचारले तर 'तब्येत ठीक नाही' एवढेच सांगत. कोणाची तब्येत, ते सांगत नसत. अम्मी गेल्या, आणि ती बाज आमच्या वाट्याला आली. खरे सांगावयाचे तर आमच्यापेक्षा आमच्या पत्नीच्या वाट्याला अधिक आली, कारण आम्ही शाळेत जातो आणि ती घरी असते. बहुतेक घरांत हे ओझे बायकांच्याच खांद्यावर असते.

चार वर्षांपूर्वी, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, आम्ही रात्री उत्तरपत्रिका तपासीत बसलो होतो. भाईजान येऊन विचारीत, 'फाटक लावले का?' आम्ही सांगत असू, 'लावले.' पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. किती वेळा विचारले ते आम्ही मोजले नाही. मात्र एका क्षणी आम्ही उठलो आणि वडील भावावर हात उगारला. हात पडला नाही, पण तोंडातून जे शब्द गेले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस जेवले नाहीत, गोळ्याही घेतल्या नाहीत, आणि आठवड्याच्या आत आजार पुन्हा उलटला.

आम्ही त्यांस डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आमच्याकडे वळून विचारले, 'मास्तर, तुमचे कसे चालले आहे?' इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. उत्तर देता देता आमचा कंठ दाटून आला. ज्या अभ्यासाविषयी पुढे लिहिले आहे, त्याची ओळख आम्हांस त्या दिवशी झाली.

त्या रात्री आमच्या घरी जे घडले त्याचा शास्त्रज्ञांनी पूर्वीच विचार केला आहे. १९५० च्या दशकात लंडन येथे जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी रुग्णालयातून घरी गेलेल्या रोग्यांचा मागोवा घेत होते. ज्या घरांत टोमणे, वैरभाव किंवा जीव गुदमरून टाकणारी अतिकाळजी अधिक, त्या घरांतील रोग्यांचा आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक, असे त्यांना दिसून आले. पुढे चंडीगड येथेही असा अभ्यास झाला. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला, आणि आपल्याकडच्या कुटुंबांत असे कडू बोलणे लंडनच्या मानाने पुष्कळ कमी असल्याचे त्यात आढळले. ही आपल्या एकत्र कुटुंबांची पुण्याई म्हणावी. परंतु ती पुण्याई थकलेल्या माणसाच्या जिवावर किती दिवस टिकणार? येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. घरच्यांच्या रागामुळे हा आजार होत नाही. पण थकलेल्या मनातून राग येतो, रागाने रोगी खचतो, आणि रोगी खचला की घरचे अधिक थकतात. हे रहाट कोठेतरी थांबवावयाचे तर सेवा करणाऱ्याच्या थकव्यापाशीच थांबवावे लागते.

आपल्या खानदेशाच्या एका सुपुत्राने हे फार पूर्वी ओळखले. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीस हाच आजार होता. स्वतः सेवा करता करता जे कळले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती कथा आहे. ती पाहताना आम्हांस आमचेच घर दिसले. डॉ. वाणी २०१७ साली निवर्तले. अशा संस्थांतून मराठीत दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत: रोग्यास 'शुभार्थी' आणि सेवा करणाऱ्यास 'शुभंकर'. तेथे शुभंकरांच्या बैठका होतात आणि माणसे एकमेकांस मोकळेपणाने आपले सांगतात. निम्मा भार तेवढ्यानेच उतरतो.

आता त्या अभ्यासाविषयी. इंग्रजीत यास माइंडफुलनेस म्हणतात. आपण सजगता म्हणू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा एक शिक्षणक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा वर्ग आणि रोज घरी अभ्यास, अशी त्याची रचना होती. पुढे हीच रीत अनेक देशांत आजारी माणसांच्या कुटुंबीयांसाठी वापरली गेली, आणि ताण व उदासी काही प्रमाणात कमी होते असे दिसून आले. हे प्रयोग बहुधा लहान गटांवरचे आहेत, म्हणून त्यांचा डांगोरा पिटू नये. पण अपाय नाही आणि खर्च नाही, तेव्हा करून पाहण्यास हरकत नाही.

आमच्या काही मित्रांनी शंका काढली, की हे तर बौद्धांच्या ध्यानातून आले, आपण ते कसे करावे? मूळ तेथलेच आहे, हे खरे. इगतपुरीस विपश्यनेचे मोठे केंद्र आहे, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु कबात-झिन यांनी जे शिकविले त्यात पूजा नाही, मंत्र नाही, कोणाची दीक्षा नाही. श्वास सर्वांचा सारखाच आहे. उलट आमचा अनुभव असा, की नमाजात उभे राहून मनाने शाळेचे हजेरीपत्रक भरणारे आम्ही, या अभ्यासानंतर नमाजात थोडे अधिक हजर राहू लागलो.

अभ्यास येणेप्रमाणे. सकाळी घरातील गडबड सुरू होण्याआधी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे. श्वास मुद्दाम लांब करू नये; तो आपोआप येतो-जातो तो नाकाशी किंवा पोटाशी जाणवतो तेवढा पाहावा. मन पळेल. पळाले हे कळले की त्यास न रागावता परत आणावे. वर्गातला खोडकर मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला तर चांगला शिक्षक त्यास मारीत नाही, हलकेच नावाने हाक मारतो, तसेच. शंभर वेळा पळाले तर शंभर वेळा आणावे. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास, ते अपयश नव्हे.

दुसरा भाग दिवसभराचा. दळण, भांडी, चालणे यांपैकी एखादे काम रोज पूर्ण लक्ष देऊन करावे. आमची पत्नी भाकऱ्या थापताना करते, आम्ही शाळेच्या वाटेवर करतो.

तिसरा भाग सर्वांत मोलाचा. राग चढू लागला की तो आधी अंगात कळतो. आमच्या जबड्यात कळतो, कोणाच्या छातीत कळेल. तेथेच थांबून मनाशी नाव घ्यावे, 'हा राग आहे', 'ही भीती आहे', आणि तीन श्वास पाहून मगच तोंड उघडावे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तीन श्वासांची जागा झाली, की माणूस उत्तर निवडू शकतो. एरवी उत्तरच माणसास ओढून नेते.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा अभ्यास शुभंकरासाठी आहे, तो रोग्याच्या औषधाची जागा घेत नाही. रोग्यास दीर्घ ध्यानास बसविणे डॉक्टरांस विचारल्याखेरीज करू नये. त्याने आजार वाढण्याची भीती असते. मारहाण मुकाट्याने सोसणे म्हणजे सजगता नव्हे. अशा वेळी आधी सुरक्षित व्हावे आणि मदत बोलवावी. आणि सेवा करणाऱ्याचीच झोप, भूक, जगण्याची इच्छा गेली असेल तर त्यानेही डॉक्टरांकडे गेले पाहिजे. 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, हिंदीत व मराठीतही बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आमच्या भाईजानची पहिली दोन वर्षे ताईत आणि धाग्यांत गेली. दुआ अवश्य मागावी, पण गोळी चुकवू नये, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आज भाईजान पूर्ण बरे आहेत असे नाही. रात्री ते अजूनही विचारतात, 'फाटक लावले का?' जबडा अजूनही आवळतो. तीन श्वास झाले की आम्ही म्हणतो, 'चला भाईजान, पाहून येऊ.' दोघे जातो, कडी हलवून पाहतो, परत येतो. बहुधा दुसऱ्यांदा ते विचारीत नाहीत. एखाद्या रात्री आमचा तोल अजूनही जातो. पण सकाळी त्यांची क्षमा मागण्यास आम्ही चुकत नाही.

शेवटी विश्वस्तांस एक विनंती. केवळ श्वास पाहून बाजेवरचे जागरण संपत नाही. त्यास माणसांची साथ लागते. महिन्यातून एक दुपार आपल्या सभागृहाचे दार अशा घरांतील मायबहिणींसाठी उघडावे. कोणत्याही जातीधर्माची बाई तेथे यावी, चहा घ्यावा, आपले सांगावे, थोडा वेळ शांत बसावे. आणि तेवढे दोन तास शेजारच्या कोणी तिच्या घरी रोग्याजवळ बसावे. या शेवटच्या कामासाठी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.