वाटीभर पाण्याचा पहारा

घरी पाहुणे यायचे असले की आपण बैठकीची खोली झाडतो, उशांचे अभ्रे बदलतो, उदबत्ती लावतो. एवढे सगळे करूनही स्वयंपाकघराच्या मोरीकडून कुजकट वासाची एक झुळूक आली, की साऱ्या थाटावर पाणी पडते. उदबत्तीचा वास आणि मोरीचा वास एकत्र झाला, तर तो दोन्हींपेक्षा वाईट!

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. दुधातली भेसळ कशी ओळखावी, हा पहिला. आणि सिंकचा वास कसा घालवावा, हा दुसरा. पहिल्यावर पुष्कळ लिहिले जाते. दुसरा क्षुल्लक म्हणून मागे पडतो. पण तो तितका क्षुल्लक नाही, असे माझे मत आहे. त्याच्या उत्तरात थोडे जीवाणूशास्त्र आहे, थोडे भौतिकशास्त्र आहे, आणि शेवटी आपल्या अंगणाबाहेरचा एक गंभीर प्रश्नही आहे.

प्रथम हा वास कशाचा ते पाहू. ताटातले खरकटे, डाळीचे पाणी, दुधाची साय, फोडणीचे तेल हे सारे सिंकच्या नळीतून खाली जाते. पैकी पाणी वाहून जाते, तेल मात्र जात नाही. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला थिजते. बेळगावच्या डिसेंबरात ते बाटलीत घट्ट होते, मग थंड नळीत होणारच. वनस्पती तूप तर त्याहून अधिक तापमानालाही घट्टच असते. शिवाय कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि साबण यांचा न विरघळणारा साका तयार होतो. तेल आणि साका मिळून नळीच्या आतल्या अंगाला चिकट किटण धरते. त्यात अन्नाचे कण रुततात आणि त्यावर जीवाणूंची वस्ती होते. हाताला लागणारा तो काळसर, बुळबुळीत थर म्हणजे ही वस्तीच.

थराच्या वरच्या भागाला हवा मिळते, आतल्या भागाला मिळत नाही. प्राणवायूविना जगणारे जीवाणू तिथे प्रथिनांचे विघटन करतात. प्रथिनांत, आणि कांदा-लसूण-कोबीतही, गंधक असते. त्यापासून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू बनतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. एके काळी प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून तो मुद्दाम तयार करीत, आणि मग सारी इमारत नाकाला रुमाल लावून बसे. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात, त्यामागेही हवेतला हाच वायू असतो. याखेरीज लोण्या-दुधापासून ब्युटिरिक आम्लाचा खवट वास येतो, आणि मासळी खाणाऱ्या घरांत अमाइन वर्गातल्या वायूंची त्यात भर पडते.

म्हणजे वासाचे एक उगमस्थान नळीतले किटण. दुसरे उगमस्थान नळीच्या पलीकडे, गटारात आणि मैल्याच्या टाकीत असते. तिथला वायू घरात येऊ नये म्हणून जी युक्ती आहे, तिचे मला फार कौतुक वाटते. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या गृहस्थाने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात नळीला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण दिलेले होते. पाणी वाहून गेले तरी वळणाच्या खोलगट भागात थोडे उरतेच, आणि त्या पाण्यातून वायू वर येऊ शकत नाही. झडप नाही, यंत्र नाही; वाटीभर पाण्याचा पहारा! सिंकखालचे वळण किंवा बाटलीच्या आकाराचा डबा याच तत्त्वावर चालतो. त्यात साधारण ५० ते ७५ मिलिमीटर उंचीचे पाणी उभे असते. जमिनीतल्या अशाच सापळ्याला आपल्याकडच्या बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आमची न्हाणी, कन्नड घरातले बच्चल. पण इंजिनिअरच्या पुस्तकात मान मिळाला तो न्हाणीला.

जुन्या घरांत या पहाऱ्याची गरज फारशी पडत नसे. मोरीचे पाणी उघड्या पन्हळीतून परसात जाई आणि अळूला, केळीला मिळे. पन्हळ उघडी असल्याने किटण दिसे आणि खराट्याने निघे. आता सारे नळीत बंद झाले आहे. जे दिसत नाही ते घासले जात नाही.

आता उपायाकडे वळू. औषधाआधी निदान हवे. रात्री भांडी झाल्यावर सिंकचे तोंड ओल्या फडक्याने आणि त्यावर प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बंद करावे. सकाळी वास नसेल आणि कागद काढताच आला, तर दोष सिंकच्या नळीत. वास तसाच असेल, तर तो दुसरीकडून, बहुधा जमिनीतल्या जाळीतून येतो आहे. मग दुसऱ्या रात्री ती जाळी झाकून पाहावी. दोन रात्रींत चोर सापडतो.

सिंकखाली वाकून पाहिले तर अनेक घरांत सापळाच आढळत नाही. घड्यांची लवचिक नळी सरळ जमिनीतल्या भोकात खुपसलेली असते. गटाराला घरात यायला याहून सोपी वाट कोणती? अशा वेळी बाटलीच्या आकाराचा सापळा बसवून घ्यावा. आणि नळी व भोक यांच्यामधली फट रबरी कड्याने बंद करावी. सापळा असूनही वास येत असेल, तर त्यातले पाणी आटले आहे का ते पाहावे. सुटीत घर बंद राहिले, की उन्हाळ्यात काही आठवड्यांत ते आटते. तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. गावाला जाताना पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडले तर आटणे लांबते. सिंक रिकामे होताना नळी गुरगुरत असेल, तर वाहते पाणी सापळ्यातले पाणीही आपल्यासोबत ओढून नेते आहे, असे समजावे. तिथे हवेच्या नळीचा दोष असतो; ते काम प्लंबरचे.

दोष किटणाचा असेल तर मात्र ते काढण्याला पर्याय नाही. सापळ्याखाली बादली ठेवावी, आटे हाताने सैल करावेत, आतला गाळ बादलीत पाडावा, आणि जुना दात घासायचा ब्रश व भांड्यांचा साबण घेऊन आतून-बाहेरून घासावे. रबरी वॉशर नीट जपून परत बसवावा आणि शेवटी सापळ्यात पाणी भरावे. सिंकची जाळी उलटी करून तिची खालची बाजूही घासावी. निम्मा वास पुष्कळदा तिथेच असतो. मग दर आठवड्याला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून सोडावा. अल्कलीने ओशट थर सुटतो. मात्र पाणी उकळते नको. पीव्हीसीची नळी साधारण ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडते. हाताला चांगले कढत लागेल इतकेच पुरे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची युक्ती हल्ली घरोघरी सांगतात. फेस छान येतो. पण समीकरण मांडून पाहा: ८४ ग्रॅम सोड्याला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागते, म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चमच्याला ५ टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे ७० मिलिलिटर. उरते काय? सोडियम ॲसेटेट, पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. आम्लाने अल्कलीला मारले, अल्कलीने आम्लाला. किटण जागच्या जागी. फेसाने सुटे कण थोडे हलतात, एवढाच लाभ. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वापरणे अधिक शहाणपणाचे.

एक धोक्याची सूचना. ब्लीचिंगचे द्रावण आणि ॲसिड कधीही एकामागून एक ओतू नये. क्लोरीन वायू सुटतो. कॉस्टिक सोडा वापरायचाच तर थंड पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर मुळीच नाही, कारण त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

या सगळ्याहून सोपा उपाय भांडी घासण्याआधीचा आहे. खरकटे बोटाने कचऱ्यात काढावे, कढईचे तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसावे. कागदाचा एक तुकडा आठवड्याच्या सोड्याचे काम वाचवतो.

आणि आता तो अंगणाबाहेरचा प्रश्न. आपल्या नळीतून सुटलेले तेल नाहीसे होत नाही. ते रस्त्याखालच्या चेंबरमध्ये जाऊन थिजते आणि गटार तुंबते. तिथे तोच हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलात बसतो. अब्ज भागांत काही भाग असला तरी नाकाला कळणारा हा वायू, दहा लाख भागांत शंभराच्या पुढे गेला की काही मिनिटांत नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो. उतरलेल्या माणसाला वाटते, हवा निवळली. त्याहून कितीतरी पट वाढला की माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. १९९३ आणि २०१३ साली यासंबंधी कायदे झाले. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले; २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. माणसे अजून उतरतात, अजून मरतात.

एका घराने कढई पुसली म्हणून ही गोष्ट थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. यंत्रे हवीत, कायद्याचा अंमल हवा, आणि ते मागणारे नागरिक हवेत. तरी मोरीत काही ओतताना ते पुढे कोणाच्या अंगावर जाणार, एवढा विचार शिकलेल्या माणसाकडून अपेक्षित आहे. दुर्गंधी घालवायची म्हणजे ती आपल्या घरातून शेजाऱ्याच्या वाट्याला ढकलायची, असा अर्थ नव्हे.